तळहाताचा घाम
‘ॲप कसं वाटलं?’ असं विचारलं की मोबाइलवरून पैसे पाठवणारा माणूस बहुधा ‘छान आहे, सोपं आहे’ म्हणतो. ते खोटं नसतं. पण पैसे पाठवल्यावर पडद्यावर चक्र फिरत राहतं, तेव्हा जीव कसा टांगणीला लागतो, हे त्या उत्तरात येत नाही. पैसे पोचले की तो क्षण विसरला जातो. तो शोधणं हे माझं काम.

कमी वापरातल्या हाताच्या दोन बोटांवर संवेदक लावले की त्वचेची विद्युतवाहकता मोजता येते. तळहाताच्या घर्मग्रंथी अनुकंपी मज्जासंस्थेच्या ताब्यात असतात; मन दचकलं की त्या स्रवतात आणि वाहकता वाढते. फ्रान्समध्ये शार्ल फेरे यांनी १८८८ मध्येच भावना आणि त्वचेची वीज यांचं नातं नोंदवलं होतं. घटनेनंतर साधारण एक ते तीन सेकंदांनी आलेख चढतो, म्हणून चाचणीचं चित्रण थोडं मागे नेऊन बघावं लागतं. हात हलला, खोकला आला, दीर्घ श्वास घेतला तरी चढ उमटतो. त्यामुळे सुरुवातीला मी माणसाला काही मिनिटं नुसतं बसू देते. ही मिनिटं वाचवू पाहणाऱ्यांशी मी भांडते. त्या माणसाची मूळ पातळीच ठाऊक नसेल, तर चढ म्हणायचं कशाला?

एवढं करूनही आलेख ‘काहीतरी झालं’ इतकंच सांगतो. भीतीनेही चढतो, आनंदानेही. भरतमुनींच्या आठ सात्त्विक भावांत स्वेद आहे, आणि नाट्यशास्त्र त्याच्या कारणांत क्रोध, भय, हर्ष, लज्जा, श्रम असं सगळंच धरतं. घाम एकच, कारण प्रसंगातून शोधायचं.

म्हणून चाचणीनंतर आलेख आणि चित्रण मी आधी त्या माणसासमोरच ठेवते. त्याने नको म्हटलं, तर ते पुसायचं. एका चाचणीत माझी सहकारी दुकानदार होऊन समोर बसली होती. ‘काका, इथे तुमच्या मनात काय चाललं होतं?’ चक्र फिरत असतानाच्या चढावर बोट ठेवून मी विचारलं. मला वाटलं होतं, पैसे बुडण्याची धास्ती असेल. काका म्हणाले, ‘पैसे येतील हो परत. पण या बाईंना वाटेल, हा न देताच निघाला.’

ती लाज होती. भीती समजून आम्ही ‘तुमचे पैसे सुरक्षित आहेत’ असं लिहिलं असतं आणि काका तसेच अवघडून उभे राहिले असते. पडद्याच्या नव्या मसुद्यात रक्कम, वेळ आणि ‘बँकेच्या उत्तराची वाट पाहत आहोत’ ही ओळ गल्ल्यापलीकडून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत आहे. चढ अजूनही उमटतो, पण लवकर उतरतो.