पोच

ज्याच्या नोकरीची सारी वर्षे शासकीय दप्तराच्या आवक-जावक विभागात गेली, त्याला हाती आलेल्या प्रत्येक कागदाची पोच रवाना झाली की नाही, हे पाहिल्यावाचून चैन पडत नाही. आणि म्हणूनच, निवृत्तीनंतर नव्या रायपुरातील या रुंद, निवांत रस्त्यांच्या वस्तीत सायंकाळी बसलो असता, बालपणी वाचलेल्या पुस्तकांची पोच आपण त्यांच्या लेखकांना कधीच पाठविली नाही, ही रुखरुख मला अलीकडे वारंवार लागते.

छत्तीसगड १९५६ पर्यंत ज्या राज्यात होते त्याची राजधानी नागपूर होती, आणि प्रांत बदलला तरी आमच्या घरची मराठी पुस्तके त्याच रुळांवरून येत राहिली. वडील नागपुराहून परतले म्हणजे त्यांच्या पिशवीत बाबूराव अर्नाळकरांच्या दोन-तीन रहस्यकथा हमखास असत. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाच्या झुंजारने आणि काळ्या पहाडाने, आमच्या आळीतील ज्या मंडळींनी एरवी पंचांगापलीकडे मराठी अक्षर वाचले नसते, त्यांना मायबोलीशी बांधून ठेवले. पुस्तक उजाडण्यापूर्वी संपवावे लागे, कारण सकाळी शेजारचे कारकून ते न्यायला दारात उभे असत. आणि शिवण उसवलेली, कोपरे झिजलेली ती पाने हाच त्या वाचकांचा अभिप्राय होता. समीक्षकांनी तो आपल्या दप्तरी रुजू करून घेतला नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

भा. रा. भागवतांच्या वाचकाची तऱ्हा निराळी. त्यांचे पुस्तक मिटले की पोरगा घरात ठरत नसे. त्यांचा नायक, फुरसुंगीचा किडकिडीत बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवनातला विद्यार्थी, सायकलवर टांग टाकून संकटामागे धावे. आणि ज्या सायकलच्या सीटवर बसण्याइतकी माझी उंची नव्हती, ती वडिलांची सायकल दांडीखालून पाय घालून बूढा तालाबाच्या काठाने दामटीत, जिभेने त्याच्यासारखा ‘ट्टॉक’ असा आवाज काढीत मी कुणा अज्ञात इसमाचा पाठलाग करी. शाळा हिंदी, तेथील सवंगड्यांना मी या कथा त्यांच्या भाषेत सांगे, आणि कधी न पाहिलेले फुरसुंगी आम्हा साऱ्यांना भिलाईइतके परिचित झाले होते. एक पोस्टकार्ड लिहावे, हे त्या वयात सुचले नाही; सुचले तेव्हा फायलींनी वेढलो होतो, आणि छत्तीसगड राज्य होऊन वर्ष भरत आले असताना, २७ ऑक्टोबर २००१ रोजी, भागवत गेले.

काल नातवाने बनेश फेणेचे पुस्तक संपविले. एक शब्द न बोलता त्याने सायकल काढली आणि सेंध जलाशयाच्या रस्त्याने दिसेनासा झाला. दिवेलागणीला परतला तो घामाने निथळत.

“आबा, फुरसुंगी इथून किती दूर आहे?”

मी त्याला जवळ बसवून सविस्तर सांगितले: रायपूरहून आझाद हिंद एक्स्प्रेस, वाटेत नागपूर, मग पुणे, तेथून हडपसर, आणि हडपसरच्या पुढे फुरसुंगी.