हळू आवाजाचा मान

जुन्या कॅसेटींवरील आणि अलीकडच्या स्नेहसंमेलनांतील गाणी एकत्र करून ती या स्मरणिकेसोबत माजी विद्यार्थ्यांना पेन ड्राइव्हवर द्यावीत, असे ठरले. शाळेच्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे संगणकावर नीट करून ठेवण्याचे काम मी बरीच वर्षे हौसेने करीत आलो असल्याने ही जबाबदारी माझ्याकडे आली. या कामाचा शेवटचा टप्पा म्हणजे मास्टरिंग, अर्थात सर्व गाणी एका पातळीवर आणून ती ऐकणाऱ्याच्या हाती देण्याजोगी करणे. सहकाऱ्यांचा आग्रह होता, "सर, आवाज दणदणीत हवा." त्याच संग्रहात स्वयंपाकघरातील एका मावशींनी अगदी हळू आवाजात म्हटलेल्या ओव्याही होत्या. दणदणीतपणाच्या या मागणीत त्या ओव्यांचे काय होणार, हा माझ्यापुढचा प्रश्न होता.

आवाज मोठा करण्याचे मुख्य साधन म्हणजे लिमिटर. सीडीच्या पद्धतीत ध्वनिलहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून आकड्यांत लिहिली जाते. या आकड्यांना कमाल मर्यादा असते. तिला शून्य डेसिबल म्हणतात. लहर तिच्यापुढे गेली की माथा छाटला जातो आणि आवाज फाटतो. लिमिटर उंच शिखरे क्षणभर खाली दाबतो. शिखरे दबली की उरलेला सारा आवाज वर उचलता येतो.

मात्र साधा लिमिटर केवळ मोजलेले बिंदू पाहतो. दोन नोंदींच्या मधला काळ रिकामा नसतो, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नाही. ध्वनीचेही तसेच आहे. सेकंदाला ११,०२५ कंपने असलेल्या शुद्ध स्वराच्या प्रत्येक आवर्तनात चारच मोजमापे येतात. ती शिखराच्या अलीकडे-पलीकडे समान अंतरावर पडली, तर मीटर खऱ्या उंचीपेक्षा ३ डेसिबल कमी दाखवतो. संगणकावर निर्दोष दिसणारे गाणे मग ऐकणाऱ्याच्या यंत्रात फाटू शकते.

येथे ओव्हरसॅम्पलिंग उपयोगी पडते. मोजमापांची संख्या गणिताने चौपट किंवा आठपट करून मधले बिंदू काढले जातात. त्यातून नवी माहिती येत नाही. आकड्यांत आधीच असलेली लहर स्पष्ट दिसू लागते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस १७७० या शिफारशीत खरे शिखर शोधण्यासाठी ४८,००० चा दर चौपट करून १,९२,००० वर नेण्याची पद्धत दिली आहे. तरीही काही दशांश डेसिबलची चूक उरू शकते. म्हणून मर्यादा उणे १ डेसिबलवर ठेवणे शहाणपणाचे.

दुसरा उपयोगही महत्त्वाचा आहे. लिमिटर झपाट्याने दाबतो तेव्हा मूळ आवाजात नसलेली कंपने निर्माण होतात. खंजिरीच्या झांजांतील १५,००० कंपनांच्या स्वराची तिप्पट म्हणजे ४५,०००. ४४,१०० च्या दरात २२,०५० च्या वर काहीच मावत नसल्याने ते ९०० कंपनांचा भलताच स्वर होऊन खाली उतरते. दर चौपट केला असेल तर ते आपल्या जागी राहते आणि परत येताना गाळून टाकता येते.

एवढी काळजी घेतली, तरी किती दाबावे याचे उत्तर यंत्र देत नाही. मेटॅलिका या अमेरिकी वाद्यवृंदाचा २००८ सालचा 'डेथ मॅग्नेटिक' हा अल्बम इतका दाबलेला होता की त्याच्या चाहत्यांनीच फाटलेल्या आवाजाची तक्रार केली. आता तर स्पॉटिफायसारख्या सेवा मोठी गाणी आपणहून खाली आणतात. दाबून मिळवलेला मोठेपणा तेथे टिकत नाही. दबलेली शिखरे मात्र परत येत नाहीत.

म्हणून समूहगीतांत लिमिटरला मी क्वचित २-३ डेसिबल दाबू दिले. ओव्यांना तर तो जवळजवळ लावलाच नाही. त्या बळेच वर उचलल्या असत्या, तर कॅसेटची खरखर वाढली असती आणि दोन ओळींमधला मावशींचा श्वास गाण्याएवढाच मोठा झाला असता. ज्यांनी त्यांच्या हातची भाकरी खाल्ली आहे, त्यांना तो आवाज परका वाटला असता.

सहकाऱ्यांना मी समूहगीताच्या दोन्ही प्रती सारख्याच पातळीवर आणून ऐकवल्या. दाबलेल्या प्रतीत मागच्या रांगेतील लहान मुलांचे आवाज ढोलकीच्या प्रत्येक थापेसरशी आत ओढले जात होते. त्यानंतर दणदणीतपणाचा आग्रह कोणी धरला नाही.

पेन ड्राइव्हमध्ये 'मूळ' नावाचा वेगळा फोल्डर आहे. त्यातील ध्वनीला कोणताही हात लावलेला नाही. उद्या कोणाला माझ्यापेक्षा चांगले काम करता आले, तर साधन शाबूत असावे. ओव्या ऐकताना मात्र आवाजाचे बटण आपणच थोडे वाढवावे आणि घरातील पंखा बंद करावा, एवढी विनंती.