चाबीचे घड्याळ आणि एक माफी



दिवाळीच्या सुट्टीनंतर नववीच्या एका विद्यार्थ्याने मला एका मनगटी घड्याळाचे चित्र दाखवले. दिसायला ते जेट विमानाच्या जोड इंजिनांसारखे होते. एका नळीच्या तोंडाशी तास-मिनिटे आणि दुसरीच्या तोंडाशी चाबी किती उरली त्याचा काटा. "सर, यात सेल नाही. चाबीवर चालते आणि किंमत लाखांत. खरं आहे का?"

खरे आहे. हे 'थंडरबोल्ट' नावाचे घड्याळ. स्वित्झर्लंडच्या एमबी अँड एफ कंपनीने ते २०१० साली काढले. कंपनीचे संस्थापक मॅक्सिमिलियन ब्यूसर यांचे वडील स्विस आणि आई भारतीय. लहानपणी सुटे भाग जोडून विमाने बनवण्याचा त्यांना नाद होता, तोच या घड्याळात उतरला. तीनशेहून जास्त भाग आणि घड्याळे मात्र मोजकीच.

मी त्याला माझ्या मनगटावरचे घड्याळ काढून दाखवले. वडिलांची एचएमटी 'जनता'. एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने १९६१ मध्ये बंगलोरला मनगटी घड्याळे बनवायला सुरुवात केली. २०१६ मध्ये सरकारने ती घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला, पण माझे घड्याळ चालूच आहे. दोन्हींचे तत्त्व एकच. चाबीने स्प्रिंग गुंडाळायची, ती उलगडताना दाते फिरतात आणि आतले छोटे चक्र मागे-पुढे झुलून वेळ मोजते. 'जनता'चे ठोके सेकंदाला पाच, 'थंडरबोल्ट'चे सहा. साध्या सेलच्या घड्याळातला स्फटिक मात्र सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. म्हणून शे-दोनशे रुपयांचे घड्याळ लाखांच्या घड्याळापेक्षा वेळ बरोबर दाखवते. लाखांची किंमत असते ती कारागिराच्या हाताची, कल्पनेची आणि हौसेची.

इथपर्यंत मी ऐटीत शिकवले. पुढचे सांगायला जड जाते, पण सांगतो.

दुसऱ्याच आठवड्यात तोच मुलगा प्रार्थनेला उशिरा आला, म्हणजे माझ्या घड्याळाप्रमाणे उशिरा. मी त्याला पूर्ण तासभर बाहेर उभे केले. तो हळूच म्हणाला, "सर, तुमची घडी समोर आहे." मला तो उद्धटपणा वाटला. मी सर्वांसमोर त्याला रागावलो. दुपारी मोबाईलशी ताडून पाहिले, तर घड्याळ आठ मिनिटे पुढे होते.

सौंसरच्या कारागिराने ते उघडले आणि विचारले, "रात्री कुठं ठेवता?" मी म्हणालो, "रेडिओवर." तो हसला. स्पीकरच्या लोहचुंबकाने आतल्या केसासारख्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ पळू लागते. त्याने चुंबकत्व काढले आणि घड्याळ ताळ्यावर आले.

वडील रोज सकाळी चाबी भरत आणि रेडिओच्या बातम्यांआधीच्या ठोक्यांशी वेळ जुळवत. तेव्हा रामाकोन्यात पुष्कळ लोक छोट्या लाईनच्या गाडीवरून वेळ ओळखत. गाडी उशिरा आली की अर्ध्या गावाची वेळ चुकायची. वडिलांची चुकत नसे. मी चाबी भरण्याची सवय ठेवली, जुळवण्याची सोडली. घड्याळ रेडिओवर ठेवत होतो, पण रेडिओ ऐकत नव्हतो.

त्या मुलाची मी वर्गात माफी मागितली आहे. शिक्षा सर्वांसमोर झाली होती, म्हणून या पानावर पुन्हा मागतो. आता शाळेची घंटा माझ्या मनगटावरून वाजत नाही. ऑफिसातले भिंतीवरचे घड्याळ दर सोमवारी नववीचे विद्यार्थी जुळवतात आणि मी माझे त्याच्याशी जुळवतो. कोणाला माझी वेळ चुकलेली दिसली तर जरूर सांगावे. त्याला बाहेर उभे केले जाणार नाही.

आपला,
प्राचार्य