लोहाऱ्याचा डोंगर, कुलाब्याची ट्राम आणि विमानातील चुंबकमापी

१/ नकाशावर चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे हिरवे दिसतात. त्या हिरव्याखाली लोखंड आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील लोहारा आणि गडचिरोलीतील एटापल्ली तालुक्यातले सुरजागड ही नावे लोहखनिजामुळेच दूरवर पोहोचली. अशा मुलखावरून एखादे छोटे, हौसेने घरी बांधलेले विमान उडाले, तर त्याच्या दिशादर्शक यंत्राला पहिला धोका कशाचा? खालच्या डोंगराचा, हे उत्तर सहज सुचते. ते चुकीचे आहे. खरे उत्तर शोधताना थेट जुन्या मुंबईच्या ट्रामपर्यंत जावे लागते.

२/ आधी डोंगर. १८८२ साली रिटर फॉन श्वार्त्स या जर्मन तज्ज्ञाने चांदा जिल्ह्यात लोखंडाचा उद्योग फायद्यात चालेल काय, यावर अहवाल लिहिला. नागपुरात एम्प्रेस मिल चालवणाऱ्या जमशेटजी टाटांच्या तो वाचनात आला. त्यांनी वरोऱ्याचा कोळसा जर्मनीत तपासून घेतला. तो या कामास योग्य ठरला नाही. १९०४ मध्ये सी. एम. वेल्ड हा अमेरिकी भूवैज्ञानिक चांद्याच्या जंगलात हिंडला. लोहाऱ्याचे खनिज उत्तम होते, पण मोठ्या कारखान्याला पुरेल इतके नव्हते. अखेर कारखाना साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपुरात, उभा राहिला.

३/ खनिजात मॅग्नेटाइट भरपूर असेल, तर त्यावर ठेवलेल्या होकायंत्राची सुई भरकटते. परंतु या पट्ट्यातील बरेचसे खनिज हेमॅटाइट प्रकारचे आहे आणि त्याचे चुंबकत्व मॅग्नेटाइटच्या मानाने फार क्षीण असते. शिवाय विमान डोंगरापासून शेकडो मीटर उंच असते. चुंबकाचा प्रभाव अंतराबरोबर झपाट्याने ओसरतो. लहान चुंबकापासूनचे अंतर दुप्पट केले, की त्याचा जोर एक अष्टमांश उरतो. त्यामुळे खालच्या अख्ख्या डोंगरापेक्षा यंत्रापासून वीतभर अंतरावरचा एक पोलादी स्क्रू अधिक घातक ठरू शकतो.

४/ या मुलखात दिशेची चूक महाग पडते. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते, आणि पूर्वेकडून इंद्रावती येते. वैमानिकाला जमिनीवरच्या ठळक खुणा म्हणून याच नद्यांचा आधार असतो. मधला प्रदेश बहुतांशी अरण्याचा. पावसाळी धुक्यात नदी दिसेनाशी झाली, की उरतात ती समोरची यंत्रे. दिशा ५ अंशांनी चुकली, तर १०० किलोमीटर अंतरानंतर विमान ठरलेल्या रेषेपासून जवळजवळ ९ किलोमीटर बाजूला गेलेले असते.

५/ जीपीएस असताना चुंबकमापी कशाला, ही शंका रास्त आहे. जीपीएस विमान कोठे आहे आणि कोणत्या मार्गाने सरकत आहे, ते सांगते. विमानाचे नाक कोणत्या दिशेला आहे, ते सांगत नाही. आडवा वारा असेल, तर या दोन दिशा वेगळ्या असतात. आधुनिक विमानातील इलेक्ट्रॉनिक जायरो हळूहळू सरकतो आणि त्याची दिशा सतत दुरुस्त करण्याचे काम चुंबकमापी करतो. हा साक्षीदारच खोटे बोलू लागला, तर पडद्यावरचे चित्र मात्र तितकेच स्वच्छ व खात्रीचे दिसत राहते. धोका आहे तो यातच.

६/ साक्षीदाराला उभे कोठे करावे, हा प्रश्न महाराष्ट्राला विमानाच्या आधी भेटला होता. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजमापे होत असत. सप्टेंबर १८५९ च्या आरंभी सूर्यावरून आलेले प्रचंड चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळले. कुलाब्याच्या नोंदींत क्षेत्राची आडवी तीव्रता सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरलेली दिसते. त्या वादळाचे बळ ठरवताना जगभरचे संशोधक आजही या नोंदीकडे वळतात.

७/ मग शहर वाढले. मुंबईतील घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवण्याचे घाटू लागले. ट्रामचा विद्युतप्रवाह वरच्या तारेतून येतो आणि रुळांवाटे परत जातो. त्यातला काही भाग जमिनीत झिरपतो. प्रवाह जेथे वाहतो, तेथे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. गाडी निघाली, थांबली, वेग बदलला, की ते क्षेत्रही बदलणार. म्हणजे कुलाब्याच्या उपकरणांनी पृथ्वीऐवजी ट्रामचे वेळापत्रक नोंदवले असते. उपकरणांत कोणताही बिघाड झाला नसता. बिघडला असता तो शेजार.

८/ त्या वेळी वेधशाळेचे संचालक होते नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस. १८९६ मध्ये हे पद भूषवणारे ते पहिले भारतीय. त्यांनी शहरापासून दूर, खाडीपलीकडचे अलिबाग निवडले. तेथील इमारतीसाठी पोरबंदरचा दगड वापरला गेला आणि जोडकामात लोखंड टाळून पितळ व तांबे घेतले गेले. आतील तापमान शक्य तितके स्थिर राहील, अशी रचना केली गेली. येथे इमारत हासुद्धा उपकरणाचाच एक भाग होता.

९/ मूस यांची खरी दूरदृष्टी पुढच्या पायरीत दिसते. अलिबागचे काम १९०४ मध्ये सुरू झाले, पण कुलाबा लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी होत राहिल्या, म्हणजे दोन जागांमधील फरक आकड्यांत कळला आणि जुनी मालिका नव्या मालिकेशी जोडता आली. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली, तेव्हा चुंबकीय मोजमापे सुरक्षित अंतरावर पोहोचली होती. जागा बदलतानाही साक्ष तुटू दिली नाही.

१०/ विमानात हाच पेच अधिक अवघड होतो, कारण तेथे ट्राम आणि वेधशाळा एकाच सांगाड्यात असतात. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी विमानांवर फ्लक्सगेट चुंबकमापी बसवले गेले; व्हिक्टर व्हॅकियर यांचे संशोधन त्यामागे होते. विमानाचा स्वतःचा चुंबकीय गोंगाट टाळण्यासाठी मापी शेपटीमागे काढलेल्या लांब दांड्यावर बसवत, किंवा दोरखंडाला बांधून विमानामागून ओढत. युद्धानंतर हीच पद्धत खनिजांच्या शोधासाठी कामी आली.

११/ घरी बांधलेल्या विमानाला इतकी लांब शेपटी परवडत नाही. अशा विमानाची कल्पना महाराष्ट्राला अपरिचित नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी ते पाहिले आणि २०१७ मध्ये त्याची नागरी नोंदणी झाली. असे विमान बांधणाऱ्या कोणालाही वेधशाळेचा प्रश्न काही हात लांबीच्या जागेत सोडवावा लागतो.

१२/ पर्याय मोजकेच असतात. नाकात इंजिन आणि अल्टरनेटर. ती जागा बाद. वैमानिकाच्या समोरच्या फळीमागे तारांचे जाळे आणि स्पीकर. शेपटीचा पोकळ भाग चांगला, परंतु वजनाच्या समतोलासाठी बॅटरी तेथे ठेवली असेल किंवा ऑटोपायलटची मोटार तेथे असेल, तर नाही. सांगाडा पोलादी नळ्यांचा असेल, तर त्यापासूनही दूर राहावे लागते. पंखाचे टोक बहुधा सर्वांत शांत असते. पण तेथेच लुकलुकणारा दिवा असतो, आणि जवळून एखादा पोलादी दांडा पंखाची हलती झडप फिरवत असतो. निर्दोष जागा सहसा नसते. कमी दोषाची जागा असते.

१३/ हिशेब सोपा आहे. चंद्रपूर परिसरात पृथ्वीच्या क्षेत्राची आडवी तीव्रता ढोबळमानाने ४०,००० नॅनोटेस्ला धरता येते. एकट्या तारेतून १० अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर अर्ध्या मीटरवर तिचे क्षेत्र ४,००० नॅनोटेस्ला होते. म्हणजे दिवा लावताच दिशा सुमारे ६ अंशांपर्यंत सरकू शकते. अंतर १० सेंटिमीटर केले, तर तीच तार २०,००० नॅनोटेस्ला दाखवते. जाणारी व येणारी तार एकमेकींना पिळून नेली, की दोन्ही प्रवाहांचे परिणाम बरेचसे परस्परांना खोडतात. ट्रामच्या रुळांपाशी अशी सोय नव्हती. म्हणून वेधशाळेला हलावे लागले.

१४/ निर्णय कागदावर होत नाही. मापी प्रस्तावित जागी तात्पुरता बसवून एकेक उपकरण चालू करायचे, सुकाणू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलवायचे आणि प्रत्येक वेळी दिशा किती हलली ते लिहायचे. स्थिर लोखंडाचा दोष विमान वर्तुळात फिरवून मोजता येतो आणि दुरुस्तही करता येतो. दिव्याबरोबर येणारा-जाणारा दोष तसा पकडता येत नाही. मग पितळी स्क्रूंनी, घट्ट आणि विमानाच्या अक्षाला समांतर बसवणी. पुढे कधी जागा बदललीच, तर जुन्या व नव्या जागेच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवायच्या. कुलाबा आणि अलिबाग यांच्याप्रमाणे.

१५/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे सारे ओळखीचे वाटेल. बखर असो, अहवाल असो वा परदेशी प्रवाशाचे टिपण, लिहिणारा प्रामाणिक होता काय, हा प्रश्न पहिल्याच वाचनात विचारला जातो. तो कोठे उभा होता आणि त्याच्या शेजारून कोणता प्रवाह वाहत होता, हा प्रश्न बहुधा मागे राहतो. फॉन श्वार्त्स यांचा अहवाल उद्योगाच्या नफ्यातोट्याचा हिशेब करण्यासाठी लिहिला गेला; त्या हिशेबात चांद्याचे अरण्य म्हणजे खनिज, इंधन आणि वाहतूक. तेथे राहणाऱ्या माणसांचा शोध घ्यायचा, तर दुसरी साक्ष शेजारी ठेवावी लागते. जंगलावरून उडणाऱ्या वैमानिकाला मात्र ही तुलना नंतर करता येत नाही. त्याला साक्षीदाराची जागा उड्डाणाआधीच तपासावी लागते.