कृपेची टेकडी

द्राक्षारसाशी माझा संबंध रोजचा, परंतु तो घोटभराचा. वेदीवरील चषकात तो ओतायचा, त्यात पाण्याचा थेंब मिसळायचा आणि प्रार्थना म्हणायची. तो नैसर्गिक, द्राक्षांचाच आणि न बिघडलेला असला पाहिजे, हे चर्चच्या कायद्याचे ९२४ वे कलम सेमिनरीत पाठ केले होते. मात्र ती द्राक्षे कोण पिकवतो, याचा विचार कधी मनाला शिवला नव्हता. दारूचे म्हणाल, तर तिने उद्ध्वस्त केलेल्या इतक्या घरांत मी अंत्यविधीच्या प्रार्थना म्हटल्या आहेत की, मद्य बनते ते ठिकाण पाहण्याची हौस मला असणे शक्यच नव्हते.

२०२४ च्या पुनरुत्थान सणानंतर मी ऑस्ट्रेलियातील ॲडलेडला गेलो, तो पुतण्याच्या मुलीच्या स्नानसंस्कारासाठी. पुतण्या तेथील रुग्णालयात परिचारक आहे. एका सकाळी तो म्हणाला, "काका, आज तुम्हांला एक द्राक्षमळा दाखवतो. देवळासमोरच आहे, म्हणून तुम्ही नाही म्हणू नका."

दीड तासाचा प्रवास झाला. शहर मागे पडले आणि वाळलेल्या गवताच्या पिवळ्या टेकड्या लागल्या. मध्येच एखादे जुने, प्रचंड बुंध्याचे निलगिरीचे झाड दिसे. ईडन व्हॅली या भागात कीनटन गावाजवळ हेन्श्की घराण्याचे मद्यालय आहे आणि तेथून काही किलोमीटरवर त्यांचा सर्वांत प्रसिद्ध मळा. रस्त्याच्या एका बाजूला ग्नाडेनबर्गचे लहानसे लुथरन चर्च आणि दुसऱ्या बाजूला द्राक्षवेली. ग्नाडेनबर्ग म्हणजे कृपेची टेकडी. इंग्रजीत मळ्याचेही नाव तेच, 'हिल ऑफ ग्रेस'. नाव टेकडीचे असले, तरी मळा उथळ खोऱ्यातल्या मातीत पसरलेला आहे. कृपा बहुधा अशीच, उंचावर शोधावी आणि पायाशी सापडावी.

हे जर्मन लोक येथे कसे आले, ही कथा आपण कॅथलिकांनीही ऐकण्यासारखी आहे. प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याने लुथरन आणि रिफॉर्म्ड या दोन पंथांना एकत्र आणून त्यांच्यावर स्वतःची उपासनापद्धती लादली. सायलेशिया प्रांतातील जुन्या लुथरन कुटुंबांना ते मानवले नाही. त्यांच्या काही पाळकांना तुरुंगवास घडला. अखेर १८३८ मध्ये पाळक काव्हेल यांच्या मागोमाग पहिले जथे दक्षिण ऑस्ट्रेलियात उतरले. योहान क्रिस्टियान हेन्श्की हा शेतकरी १८४१ मध्ये आला. कीनटनला त्याने जमीन घेतली, दगडी कोठार बांधले आणि १८६८ मध्ये पहिला द्राक्षारस केला. प्रार्थना कशी करावी हे राजाने ठरवू नये, एवढ्यासाठी या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्यांची शेते मागे टाकली. अर्थात, ज्या भूमीवर ते आले, ती रिकामी नव्हती. पेरामांक या मूळ रहिवाशांचे जे हरवले, त्याचा हिशेब कोणत्याही बाटलीवर लिहिलेला नसतो.

कुंपणाजवळ उभा राहून मी वेली पाहिल्या. सर्वांत जुन्या वेली १८६० च्या सुमारास लावलेल्या. बुंधे माणसाच्या मांडीएवढे जाड, पिळवटलेले, काळसर. सुगी उलगत आली होती आणि पाने पिवळसर तांबूस होऊन गळू लागली होती. आत पाऊल टाकता येत नाही. फिलॉक्सेरा नावाचा सूक्ष्म कीटक वेलीची मुळे शोषून घेतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने युरोपातील बहुतेक द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. तेथे आज बहुतेक वेली अमेरिकन वाणाच्या मुळांवर कलम केलेल्या असतात. दक्षिण ऑस्ट्रेलियात मात्र हा कीटक अद्याप शिरलेला नाही. म्हणून या वेली आजही स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. परक्याच्या बुटाला चिकटून आलेल्या मातीतूनही संकट येऊ शकते, यास्तव कुंपण. मी नकळत माझ्या बुटांकडे पाहिले.

तेथे वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस. आमच्या वसईत कधीकधी तेवढा एका आठवड्यात कोसळतो. पाणी कमी, म्हणून मुळे खोल जातात. पीक थोडे, परंतु कसदार येते. चौथ्या पिढीतील सिरिल हेन्श्की यांनी १९५८ मध्ये या एकाच मळ्याचा रस प्रथम वेगळा ठेवून त्याला मळ्याचे नाव दिले. त्या काळी ऑस्ट्रेलियन गिऱ्हाइकाला गोड, कडक मद्यच हवे असे. पुढे १९८० च्या दशकात द्राक्षांचे भाव इतके पडले की, सरकारने जुन्या वेली उपटून टाकणाऱ्या शेतकऱ्यांना पैसे दिले. शंभर वर्षांच्या कितीतरी वेली तेव्हा सरपण झाल्या. आज त्याच वयाच्या वेलींच्या रसाला श्रीमंतांच्या बाजारात शेकडो डॉलर मोजतात.

मद्यालयाच्या जुन्या दगडी इमारतीत आम्ही गेलो. आत गारवा आणि लाकडी पिंपांचा ओलसर वास. चव देणाऱ्या मुलीने पेल्यांत घोट घोट ओतला आणि थुंकण्यासाठी एक भांडे पुढे सरकवले. गाडी चालवायची असल्याने पुतण्याने घोट तोंडात घोळवून त्यात थुंकला. मला ते जमेना. पंचवीसहून अधिक वर्षे थेंबही सांडू नये म्हणून चषक धुऊन ते पाणी पिणारा मी, द्राक्षारस थुंकणार कसा? मी गिळला. शिराझ द्राक्षांचा तो रस मिऱ्यासारखा, काळ्या बोरासारखा लागला. मुलीने सांगितले की, घराण्याची पाचवी पिढी, स्टीफन आणि प्रू, आणि त्यांच्यानंतरची सहावी पिढीही येथे काम करते. प्रू या वनस्पतिशास्त्राच्या जाणकार. जुन्या वेलींपैकी उत्तम त्या निवडून, त्यांच्या काड्यांपासून त्यांनी नवी रोपे वाढवली. आजी गेली, तरी नात तिच्याच रक्ताची उरावी, असा हा विचार.

तेव्हा पुतण्या सहज म्हणाला, "काका, आपल्या वाडीतही वेली होत्या ना? पानाच्या?"

होत्या. विहिरीच्या कडेने पानवेली, मधोमध राजेळी केळी. दीड एकराची ती वाडी माझ्या पणजोबांपासून चालत आलेली. बाबा पहाटे रहाटाच्या आवाजावर आम्हांला उठवीत. १९९८ मध्ये मला धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली, त्यानंतर पुष्कळदा मी नाबोथावर प्रवचन केले. अहाब राजाने अधिक चांगला मळा किंवा रोख मोल देऊ केले, तरी वाडवडिलांचा द्राक्षमळा न विकणारा तो नाबोथ. "वसईकरांनो, तुम्ही नाबोथ व्हा," असे मी आवेशाने सांगत असे. लोक माना डोलावीत. २००६ मध्ये भाऊ कागद घेऊन माझ्याकडे आले. विहीर खारी झाली होती, मजूर मिळत नव्हते, शेजारी चार मजली इमारत उभी राहिली होती. मी एका बैठकीत सही केली. त्या रविवारी प्रवचनाला दुसराच विषय घेतला.

हे मी त्या दगडी इमारतीत पुतण्याला प्रथमच सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, त्या पैशांतूनच माझी इथली फी भरली. तुमची सही नसती, तर मी इथे नसतो. बाळही नसते."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. हेन्श्कीनेही सायलेशियातील माती सोडली होतीच. माती सोडणे हे पाप, असे सरसकट म्हणता येत नाही. पण तो विवेकबुद्धीसाठी निघाला होता, आणि मी सही केली ती कटकट नको म्हणून. दोहोंतला फरक मला कळतो. तरीही देवाने माझ्या त्या दुबळेपणातून एक लेकरू वाढवले, हेही मी नाकारू शकत नाही. कृपेविषयी लुथरन आणि कॅथलिक साडेचारशे वर्षे भांडले आणि १९९९ मध्ये आउग्सबुर्ग येथे एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. ती सही आणि माझी सही! परतताना चर्चसमोर मी गाडी थांबवायला सांगितली आणि पायरीवर बसून एक प्रार्थना म्हटली.

त्याच वर्षी १७ जूनला, सोमवारच्या मिस्सेत, नाबोथाचा उतारा वाचनाला आला. बाहेर पाऊस धरला होता, मंदिरात तीस-पस्तीस माणसे. मी प्रवचनात कोणालाही नाबोथ व्हायला सांगितले नाही. फक्त माझ्या सहीची हकिगत सांगितली.

मिस्सेनंतर एक वृद्ध शेतकरी ओल्या छत्रीनिशी सॅक्रिस्टीत आले. "फादर, माझ्याही पोरांनी कागद आणलाय," एवढेच म्हणाले. मी त्यांना काय करा ते सांगितले नाही. चषक पुसून कपाटात ठेवला, त्यांना खुर्ची दिली, आणि त्यांच्या वाडीत अजून काय काय उभे आहे, ते विचारू लागलो.