कोळंबीला लस कुठली?

सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाच्या जिभेवर एकाच वस्तूची दोन नावे सुखाने नांदतात. आपल्या कोळंबीला इथे झिंगा म्हणतात. आपली ऊ इथे जू होते, गोचीड इतरडी होते आणि लस होते रसी. नावे दोन असली तरी दुखणे एकच, हे मला नववीतल्या एका मुलाने शिकवले.

कुटुंब मूळचे खानदेशातले. वडील ओलपाड तालुक्यातल्या एका झिंगा-तळावावर राखणीला. महिन्याकाठी थोडे हातात, बाकीचा हिशेब पीक निघाल्यावर. त्या वर्षी झिंगा मेला नाही, पण वाढलाही नाही. खाद्य मात्र खात राहिला. जिथे खाद्याचेच पैसे सुटले नाहीत, तिथे राखणदाराला कोण विचारतो? वडील मुलाचा दाखला मागायला आले. बाजूला उभ्या असलेल्या पोराने विचारले, "सर, माणसाला लस टोचतात, ढोरांना टोचतात, मग झिंग्याला का नाही?"

दाखला मी दिला नाही. आणखी एक हंगाम थांबा, असे वडिलांना विनवले. ते थांबले आणि मुलगा पुढे दहावीला बसला. प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला. मी पडलो मराठीचा एम. ए.; तेव्हा विज्ञानाच्या शिक्षकांना गाठले, मिळेल ते वाचले.

माशांना लस देण्याची कल्पना जुनी आहे. 1942 साली कॅनडात ट्राउट माशांना ती खाद्यातून देऊन पाहिली गेली आणि 1976 साली अमेरिकेत माशांची पहिली लस विक्रीला आली. पण त्या लशी जिवाणूंविरुद्धच्या. परजीवी हा त्याहून बिलंदर पाहुणा. त्याचे शरीर गुंतागुंतीचे, आणि अंगात शिरल्यावर तो रूपेही पालटतो. माणसाच्या मलेरियाचेच पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने पहिल्या लशीची शिफारस केली ती 2021 साली. 2023 साली शिफारस झालेली दुसरी लस आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते.

गोचिडीच्या बाबतीत शास्त्रज्ञांनी एक नामी युक्ती काढली. गोचिडीच्या आतड्यातले एक प्रथिन गायीला टोचायचे. गायीच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, आणि ते रक्त पिणाऱ्या गोचिडीचे आतडेच निकामी होते. 1990 नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलिया आणि क्यूबा येथे अशा लशी बाजारात आल्या. आपल्या रोहू माशाला अर्ग्युलस नावाची ऊ छळते, तीही रक्तपिपासूच. तेव्हा हीच वाट तिच्यासाठी शोधावी, हे ओघानेच आले. रोहूला पाठीचा कणा आहे, त्याचे रक्त प्रतिपिंडे तयार करते, म्हणून आशेला जागा आहे. तरी तळ्यातली हजारो बोटुकली एकेक धरून टोचणार कोण, हा प्रश्न उरतोच.

कोळंबीचे गणित मात्र मुळातच वेगळे. तिला कणा नाही आणि तिच्या शरीरात प्रतिपिंडेही तयार होत नाहीत. लस म्हणजे शरीराला शिकवलेला धडा. इथे तो आपल्यासारखा लिहून ठेवायला पाटीच नाही. ओलपाडच्या त्या पिकाला काय झाले होते, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण कोळंबीची वाढ खुंटवणारा ई.एच.पी. नावाचा एक सूक्ष्म परजीवी आहे. तो तिच्या यकृतासारख्या अवयवात घर करतो आणि त्याचे बीजाणू तळाच्या गाळात टिकून राहतात. त्यावर उपाय साधेच आहेत: बीज तपासून घ्यावे, पीक निघाल्यावर तळे उन्हात तडकू द्यावे, गाळ उपसावा, कळीचा चुना मारावा. नवसारीला केंद्र सरकारच्या निमखाऱ्या पाण्यातील मत्स्यशेती संस्थेचे केंद्र आहे, म्हणजे विचारायला फार लांब जायला नको.

सुरतकरांना तरी हे नवे वाटू नये. प्लेगची लस हाफकिन यांनी 1897 सालीच मुंबईत तयार केली होती. तरी 1994 साली या शहरात प्लेगची दहशत पसरली आणि लोक गाठोडी बांधून पळाले. तेव्हा कामी आल्या त्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्या, आणि 1995 पासून आयुक्त एस. आर. राव यांनी गल्लोगल्ली फिरवलेला झाडू. लस शोधणाऱ्यांना यश येवो. त्यांची वाट पाहावी जरूर, पण तोवर तळाचा गाळ उपसायचे काम आपलेच.