बांधावरची घोळ

मिरगाचा पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की सास्तूरच्या शिवारात काळ्या मातीला चिकटून लालसर देठांची एक भाजी पसरायला लागते. पान इवलंसं, जाडसर, बोटात दाबलं की पाणी सुटणारं. लहानपणी आजीबरोबर खुरपायला गेलो होतो, तेव्हा तण समजून मी ती मुळासकट उपटून बांधावर टाकली. आजीचं खुरपं थांबलं. "टाकून देलालास व्हय रं लेकरा? घोळ हाय ती. सांच्याला कालवण कशाचं करू मग?" उठून तिनं ती वेचली, माती झटकली आणि पदराच्या ओच्यात घातली. सकाळची वेळ होती. एक पान तिनं माझ्या जिभेवर ठेवलं. आंबट लागलं.

ते आंबटपण का, हे मला फार उशिरा कळलं. पाण्याचा ताण पडला की घोळ दिवसा पानांची रंध्रं मिटून घेते आणि रात्रीच्या गारव्यात हवा आत ओढते. त्या हवेतला कार्बन रात्रभर मॅलिक आम्लाच्या रूपात पानात साठतो, दिवसा उन्हात तो वापरला जातो. म्हणून कोरड्या दिवसांतली सकाळची घोळ जास्त आंबट लागते. आमच्या दुष्काळी मुलखात टिकायला हिच्याइतकी शहाणी भाजी दुसरी नाही.

तिचं पोटही तसंच भरलेलं. 1992 साली अमेरिकन कॉलेज ऑफ न्यूट्रिशनच्या नियतकालिकात आर्टेमिस सिमोपोलस आणि सहकाऱ्यांनी घोळीच्या पानांचा हिशेब मांडला. शंभर ग्रॅम ताज्या पानांत 300 ते 400 मिलिग्रॅम ओमेगा-3 गटातलं मेदाम्ल, 12.2 मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व, 26.6 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, 1.9 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, शिवाय ग्लुटाथायोन. यातलं मेदाम्ल सोडलं तर बाकीची सगळी मंडळी अँटिऑक्सिडंट.

हा शब्द आता तेलाच्या पिशवीपासून चहाच्या पुड्यापर्यंत सगळीकडे छापलेला असतो. त्याचा अर्थ मात्र आपल्या स्वयंपाकघरातच आहे. चिरलेलं वांगं उघडं ठेवलं की काळं पडतं, आणि लिंबू पिळलेल्या पाण्यात टाकलं की पांढरं राहतं. ऑक्सिजनशिवाय आपण जगत नाही, पण शरीरात त्याचे काही अतिचपळ, अस्थिर कण तयार होतात आणि पेशींच्या आवरणांना, त्यांच्यातल्या मेदाला झोंबतात. त्यांना शांत करणारी द्रव्यं म्हणजे अँटिऑक्सिडंट. झाड ती आपल्यासाठी बनवत नाही. आपल्याला ऊन लागलं की आपण लिंबाच्या सावलीला जातो, झाडाला जाता येत नाही. भर दुपारी पानात गरजेपेक्षा जास्त प्रकाश शिरतो, तेच चपळ कण तिथंही उसळतात आणि झाड स्वतःच्या बचावाला ही द्रव्यं घडवतं.

काही द्रव्यं तर डोळ्यांना दिसतात. घोळीच्या देठाचा लाल रंग बीटालेन गटातला, लाल माठाचाही तोच. लाल अंबाडीच्या बोंडाचा रंग दिसायला सख्खा भाऊ, पण घराणं वेगळं, तो अँथोसायनिनचा. ही दोन घराणी एकाच झाडात कधी एकत्र नांदत नाहीत. मला हे वाचून अंगावर काटा आला होता. आजीच्या एकाच टोपल्यात दोन्ही असायची.

आणि तिची फोडणी! अंबाडीत ज्वारीच्या कण्या आणि शेंगदाणे, वरून करडईच्या तेलात लसूण लाल करून ओतलेला. तांदुळजा परतायचा तोही त्याच तेलात. पाथरी मात्र कच्चीच, भाकरी आणि ठेच्याबरोबर. कॅरोटीन तेलाशिवाय शरीरात नीट शोषलं जात नाही, करडईच्या तेलात स्वतःचं ई जीवनसत्त्व भरपूर असतं, आणि क जीवनसत्त्व उकळत्या पाण्यात नासतं. तिचा प्रत्येक पदार्थ या तीन ओळींशी ताडून पाहिला तरी चालेल.

मग गोळी का घेऊ नये? याचं उत्तर फिनलंडमधून आलं. तिथं सिगारेट ओढणाऱ्या 29,133 पुरुषांवर चाचणी झाली. फुप्फुसाचा कर्करोग टळेल या आशेनं त्यातल्या काहींना पाच ते आठ वर्षं रोज बीटा-कॅरोटीनची गोळी दिली. 1994 साली निकाल आला, तेव्हा गोळी घेणाऱ्यांत हा कर्करोग 18 टक्के जास्त निघाला. भाज्या खाणाऱ्यांची प्रकृती चांगली, म्हणून भाजीतलं एक द्रव्य काढून भरपूर द्यायचं, हा विचारच तिथं फसला. पानात ती द्रव्यं शेकड्यांनी असतात, चोथ्यासह असतात, बेतानं असतात. मी घोळीचं पान खाईन. घोळीच्या अर्काची बाटली घेणार नाही.

30 सप्टेंबर 1993 ची भूकंपाची पहाट सास्तूरला कुणी विसरू शकत नाही. दगडमातीच्या भिंती माणसांवर कोसळल्या. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो. मदतीच्या गाड्यांतून धान्य येत होतं, कपडे येत होते. बरेच दिवस आजी कुणाशी बोलली नाही. मग एका सकाळी ती जुन्या गावात जाऊन आली. पडलेल्या माळवदांच्या पांढरीत तांदुळजा मातला होता. तिनं ओचाभर खुडून आणला, निवडायला बसली आणि म्हणाली, "आपल्याच दाराम्होरचा हाय." त्या दिवशी शेडमध्ये पहिल्यांदा आमच्या घरच्या फोडणीचा वास आला.

बहात्तरच्या दुष्काळात तरोटा आणि तांदुळज्यावर दिवस काढल्याचं ती सांगायची. त्या दिवसांमुळेच या भाज्यांना गरिबीचा शिक्का बसला. आता तर त्या दिसणंच कमी झालं. सोयाबीनच्या रानात तणनाशक पडतं आणि चार दिवसांत घोळ, पाथरी, कुंजीर सगळं पिवळं पडून जातं. फवारणाऱ्याला मी दोष देत नाही. खुरपायला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. पण पानावरून भाजी ओळखणाऱ्या बायाही रानात यायच्या थांबल्या, ते नुकसान कुठल्या पंचनाम्यात येत नाही.

म्हणून शेत असणाऱ्यांना एवढंच मागणं आहे. यंदा बांधाची एक पट्टी फवारायची सोडा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मिरगानंतर तिथं घेऊन जा, नातवंडंही बरोबर असू द्या. मूतखड्याचा त्रास असेल त्यानं घोळ बेतानं खावी, तिच्यात ऑक्झॅलिक आम्ल असतं. बाकीच्यांनी सकाळीच एक पान तोडून जिभेवर ठेवून बघावं.